पटावरचा विद्यार्थी गेला कुठे?

निकालांचा मोसम आला की वृत्तपत्रांची पाने टक्क्यांनी भरून जातात. कोण पहिला आला, कोणत्या महाविद्यालयाची प्रवेशयादी कितीवर बंद झाली, कोणाचा प्रवेश एका गुणाने हुकला, याची चर्चा बेळगावच्या मारुती गल्लीतील दुकानांपासून खानापूरच्या बसस्थानकापर्यंत रंगते. पेढे वाटले जातात, छायाचित्रे छापून येतात. हे सारे स्वाभाविक आहे. परंतु त्याच वर्गातील किती मुले तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडली, किती जण दुसऱ्या सत्रातच दिसेनाशी झाली आणि ती गेली कोठे, हे विचारण्याची पद्धत आपल्या समाजात अद्याप रुजलेली नाही. माल किती आणला एवढेच जो दुकानदार वहीत मांडतो आणि किती विकला, किती सडला याची नोंद ठेवीत नाही, त्याचे दिवाळे निघावयास फार दिवस लागत नाहीत. आमची विद्यापीठे मात्र असाच हिशेब वर्षानुवर्षे ठेवीत आली आहेत आणि त्यांचे दिवाळे निघत नाही. कारण त्या व्यवहारातील तोटा त्यांच्या पदरी पडत नाही, तो विद्यार्थ्याच्या बापाच्या पदरी पडतो.

प्रवेशाची पात्रता वाढवावी की उतरवावी हा वाद जुना आहे आणि तो दर दोन-चार वर्षांनी नव्या त्वेषाने उकरला जातो. या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरतात, ती ही की दरवाजा जितका उंच तितकी आतील विद्या थोर. हे गृहीत खरे आहे काय, याची तपासणी करावयाची तर दूर जाण्याचे कारण नाही. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही महाविद्यालयांनी काही विषयांची पहिली प्रवेशयादी शंभर टक्क्यांवर लावली. शंभरांपैकी शंभर! पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, केंद्रीय विद्यापीठांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि कालपर्यंत ज्या बारावीच्या गुणांवर विद्वत्तेचे माप घेतले जात होते, ते गुण प्रवेशाच्या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरले. इकडे २०२१ मध्येच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र हे विषय सक्तीचे ठेवण्याची अट शिथिल केली. आणि २०२३ च्या सप्टेंबरात वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. जो परीक्षेस बसला तो पात्र ठरला.

या तिन्ही घटना एका ओळीत ठेवून पाहिल्या म्हणजे एक सत्य उघडे पडते. दरवाजाची उंची ही ज्ञानाच्या कसोटीवर ठरत नसून रिकाम्या जागा आणि रांगेतील माणसे यांच्या त्रैराशिकावर ठरते. जागा थोड्या आणि रांग लांब, की पात्रता आकाशाला भिडते. जागा ओस पडू लागल्या, की तीच पात्रता जमिनीवर लोळण घेते. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. बाजाराचा तो धर्मच आहे. मात्र बाजारभावाला कोणी ‘दर्जा’ म्हणू नये, एवढीच आमची विनंती आहे.

दरवाजा खरोखरीच उंच ठेवला आणि त्यातून निवडक मुलेच आत घेतली, तर ती निश्चितपणे तरून जातात, असे तरी आहे काय? २०१५ साली रुरकीच्या आय. आय. टी.ने पहिल्या वर्षाचे सत्तरांहून अधिक विद्यार्थी गुण कमी पडले म्हणून एकदम काढून टाकले. ही मुले देशातील अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या परीक्षेतून तावून सुलाखून निघालेली होती. एका वर्षात त्यांची बुद्धी कोठे गेली? प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, बराच गवगवा झाला आणि अखेर संस्थेने त्यांस दुसरी संधी देण्याचे मान्य केले. म्हणजे जी गोष्ट पहिल्या सत्राच्या मध्यावर, एखाद्या प्राध्यापकाने मुलास खोलीत बोलावून करावयाची, ती हकालपट्टी, कज्जा आणि बोभाटा यांच्या मार्गाने झाली. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत सरकारने दिलेली माहितीही याच जातीची आहे. मागील पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय. आय. टी. आणि आय. आय. एम. यांतून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गांतील मिळून १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. त्यावर मंत्रिमहोदयांचे उत्तर असे, की विद्यार्थ्यांसमोर अनेक पर्याय असतात आणि ते एका संस्थेतून दुसरीकडे जाणे पसंत करतात. असेलही. काही जण खरोखरीच अधिक बऱ्या ठिकाणी गेले असतील. पण तेरा हजारांतील किती जण पुढे गेले आणि किती जण घरी गेले, हे त्या उत्तरात नव्हते; आणि नेमके तेच हवे होते.

दर्जाच्या नावाने ऊर बडविणाऱ्यांनी एकदा आपल्या विद्यापीठांची जन्मकथा वाचावी. १८५८ साली कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा झाली. तेरा जण बसले. नियमाप्रमाणे एकही उत्तीर्ण झाला नाही. सहा विषयांपैकी पाच विषयांत चांगले गुण मिळवून सहाव्यात जास्तीत जास्त सात गुणांनी राहिलेल्या दोघांना विद्यापीठाने विशेष कृपा म्हणून पदवी दिली. त्या दोघांपैकी एक जदुनाथ बोस आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ज्यांच्या लेखणीतून पुढे ‘आनंदमठ’ आणि ‘वंदे मातरम्’ उतरले, ते भारताचे आद्य पदवीधर सात गुणांच्या आत-बाहेर अडकले होते! त्या परीक्षकांनी तेव्हा हट्टाने नियमाची काठी धरून ठेवली असती, तर विद्यापीठाचा दर्जा वाढला असता असे कोणी म्हणेल काय? पुढे १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चारच. परंतु त्या लहानशा जगात गुरू शिष्यांस नावानिशी ओळखत होते. आज एकेका वर्गात शंभर-सव्वाशे डोकी बसतात आणि गैरहजर मुलाची चौकशी करण्यास कोणास सवड नसते.

महाराष्ट्रात तरी हा प्रश्न दरवाजाच्या उंचीचा नव्हे, आत टिकण्याच्या सोयीचा आहे, हे ओळखणारी माणसे फार पूर्वीच होऊन गेली. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांस ठाऊक आहे. पण विद्यापीठाने खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांस प्रवेश परीक्षेप्रमाणे वरच्या पदव्यांच्या परीक्षांसही बसू द्यावे, असेही त्यांनी त्यात सुचविले होते. ज्यास वर्गात येऊन बसणे परवडत नाही, त्याने घरी राहून शिकावे आणि विद्यापीठाने त्याची विद्या तपासावी, त्याची हजेरी तपासू नये! नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. मधे शतकाहून अधिक काळ गेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. खेड्यातील मुलगा शहरातल्या शाळेत नापास होत नाही, तो उपाशी राहतो आणि म्हणून परत जातो, हे त्या राजाला समजले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यास शिवाजी महाविद्यालय काढले, तेथे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व घातले. मुलगा सकाळी शेतात राबेल, दुपारी वर्गात बसेल, पण गावी परत जाणार नाही. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरविले. नोकरी करणाऱ्या मुलास दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर राहता यावे म्हणून. वेळापत्रक हा किती क्षुल्लक विषय! पण एका वेळापत्रकाने जितके पदवीधर घडविले असतील, तितके दहा परिपत्रकांनी घडविले नसतील.

या संदर्भात सातासमुद्रापलीकडील एक प्रयोग आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा असे आम्हांस वाटते. कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही स्वच्छ दिसतात. न्यू यॉर्क शहराचे सिटी कॉलेज १८४७ पासून विनाशुल्क शिक्षण देत होते. मात्र प्रवेशाची पात्रता इतकी चढत गेली की गरीब काळी व पोर्तो रिकन मुले त्याच्या आसपास राहूनही आत पाऊल टाकू शकत नव्हती. १९६९ च्या वसंतात त्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि १९७० पासून नगर-विद्यापीठाने जाहीर केले, की शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळेल. पहिल्याच वर्षी सुमारे ३५,००० नवे विद्यार्थी आले. आदल्या वर्षी ते २०,००० च्या आसपास होते. वर्ग अपुरे, शिक्षक गोंधळलेले, आणि मुलांचे इंग्रजी लेखन असे, की जुने प्राध्यापक कपाळाला हात लावून बसले. हे निबंध तपासायचे कसे, असा त्यांस प्रश्न पडला.

सिटी कॉलेजात मिना शॉनेसी नावाच्या एक अध्यापिका होत्या. त्यांनी प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे चार हजार निबंध बसून वाचले आणि त्यांतील चुकांची वर्गवारी केली. त्यांस आढळले ते असे, की या चुका आळसाच्या किंवा मंदबुद्धीच्या नाहीत. प्रत्येक चुकीमागे एक तर्क आहे. विद्यार्थी आपल्याला ठाऊक असलेल्या नियमांनी अनोळखी भाषा बांधू पाहतो, आणि नेमका जेथे ते नियम लागू पडत नाहीत तेथे अडखळतो. शॉनेसींचा हा ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. पण तोवर शहराची तिजोरी रिती झाली होती. १९७६ मध्ये सव्वाशे वर्षांची विनाशुल्क परंपरा मोडून फी बसविण्यात आली. दरवाजा उघडा ठेवला, पण आतला दिवा विझविला. पुष्कळ मुले आली तशी गेली, आणि विरोधकांनी म्हटले, ‘पाहा, आम्ही सांगत नव्हतो?’ शतकाच्या अखेरीस तेथील चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूर्वतयारीचे वर्गही हद्दपार झाले.

येथे ही कथा संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. २००७ साली त्याच विद्यापीठाने आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एक नवी योजना आखली. तीत तत्त्वज्ञान काही नव्हते. पूर्ण वेळ शिकण्याच्या अटीवर विद्यार्थ्यास फीमधील कमी पडणारी रक्कम, पाठ्यपुस्तके आणि शहरातील आगगाडी-बसचा पास दिला. आणि जेथे एका सल्लागाराकडे सहाशेवर विद्यार्थी असत, तेथे साठ-ऐंशी दिले व त्याने प्रत्येकास नियमित भेटावे असा दंडक घातला. पूर्वतयारीची गरज असलेल्या विद्यार्थ्यांपैकी चिठ्ठ्या टाकून काहींना या योजनेत घेतले, काहींना नेहमीच्याच रीतीने शिकू दिले. तीन वर्षांनी नेहमीच्या रीतीने शिकलेल्यांतील २२ टक्के पदवीस पोहोचले होते. योजनेतील ४० टक्के. दर डोई खर्च वाढला खरा, पण दर पदवीधरामागचा खर्च उलट कमी झाला. प्रवेशाची पात्रता कोणी एका अंगुळानेही हलविली नव्हती आणि परीक्षाही सोपी केलेली नव्हती.

आता आपल्याकडे वळू. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील महाविद्यालये एके काळी मुंबई विद्यापीठाकडे पाहत असत, मग धारवाडकडे पाहू लागली, आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आपल्याच दारी आले आहे. विद्यापीठ जवळ आले. पण खानापूरच्या जंगलपट्टीतील मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली मुलगी विद्येच्या जवळ आली काय? पी. यू. सी.ला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत पाऊल टाकताच तिची भाषा एका रात्रीत बदलते. काल जे ‘गुरुत्वाकर्षण’ होते ते आज दुसऱ्याच नावाने फळ्यावर येते. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ या चिमुकल्या शब्दांचा मराठीत पत्ताच नाही, आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी विसावा घेते आणि तिकडचे मधेच धावते; म्हणून तिच्या उत्तरपत्रिकेत ज्या चुका दिसतात, त्या शॉनेसींच्या विद्यार्थ्यांच्या चुकांच्या सख्ख्या बहिणी आहेत. तपासनीस त्यावर लाल रेघ ओढतो. तिला वाटते, आपल्याला विषय समजत नाही. वस्तुतः विषय समजलेला असतो, सांगता येत नसतो. त्यात कॉलेज सुरू होते ते भाताच्या लावणीच्या ऐन दिवसांत, आणि संध्याकाळची शेवटची बस चुकली तर घरी काय सांगावे हा प्रश्न वेगळाच. निपाणीच्या विडी कामगार स्त्रीच्या मुलाची कथा तपशिलात निराळी, पण शेवट तोच: पहिल्या वर्षी दोन विषय राहतात, दुसऱ्या वर्षी फी राहते, तिसऱ्या वर्षी तो पुण्यास किंवा गोव्यास कामाला गेल्याचे कळते.

या मुलांसाठी शासनाने काहीच केले नाही असे नाही; केले आहे ते मात्र मोठे मौजेचे आहे. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा तेरा भाषांत देता येते. त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. म्हणजे दारावरचा पहारेकरी मुलाशी मराठीत बोलतो, ‘या, बसा’ म्हणतो, आणि आत शिरल्यावर त्याच्याशी मराठीत बोलावयास कोणी उरत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांस लिहिले, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांस स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. सूचना उत्तम आहे. परंतु ज्या गावात दोन भाषा पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदत आहेत, तेथील ‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणती? आमचे उत्तर सरळ आहे: परीक्षेला बसलेल्या मुलाची. कन्नड मुलाने कन्नडमध्ये लिहावे, मराठी मुलाने मराठीत लिहावे, आणि दोघांनीही जगाच्या व्यवहारासाठी इंग्रजी शिकावे. यात कोणाचेही काही हिरावून घेतले जात नाही. मराठी उत्तरपत्रिका तपासण्यास प्राध्यापक लागतील, तर शेजारी कोल्हापुरास १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ उभे आहे. तेथील तपासनीसांची मदत घेता येणार नाही इतकी काही ती सरहद्द अभेद्य नाही.

दुसरी मौज ‘बहुविध निर्गमा’ची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने असे ठरविले, की एक वर्ष शिकून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी मिळावी. कर्नाटकाने हे धोरण २०२१-२२ मध्ये सर्वांआधी अंगीकारले आणि पुढे सरकार बदलल्यावर, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर, २०२४ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम सोडून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे मोर्चा वळविला. या धरसोडीत ज्या मुलांचे वर्ग सापडले, त्यांची कीव करावी तितकी थोडी. निर्गमाची सोय मुळात वाईट नाही. आजारपणामुळे, लग्नामुळे वा बापाच्या मृत्यूमुळे थांबलेल्यास पुढे परत येता यावे, हे योग्यच आहे. भीती एवढीच, की कोठारी आयोगाच्या काळात ज्याला आपण स्पष्टपणे ‘गळती’ म्हणत होतो, त्याला उद्या ‘निर्गम’ म्हणू लागू आणि अहवालातील गळतीचा रकाना आपोआप कोरा होईल. शब्द बदलला म्हणून भांड्याचे भोक बुजत नाही.

आमच्या या म्हणण्याचा विपर्यास होण्याचा संभव आहे. मुले टिकवायची म्हणजे सरसकट पास करायची, असा अर्थ काही प्राध्यापक काढतील, आणि काही संस्थाचालक तो आनंदाने अमलात आणतील. पट फुगलेला राहिला की त्यांचे भागते. तसे करणे म्हणजे विद्यार्थ्याला दोनदा फसविणे. नापास झालेल्या मुलास निदान आपणास काय येत नाही हे ठाऊक असते. फुकटच्या गुणांवर पदवी मिळालेल्यास ते नोकरीच्या मुलाखतीत, परक्या माणसांसमोर कळते. परीक्षा कडक असावी, किंबहुना आजच्याहून कडक असावी. पण ज्याला परीक्षेस बसवायचे त्याला तिच्यापर्यंत चालत नेण्याची जबाबदारी प्रवेशशुल्काची पावती फाडतानाच संस्थेवर येते. आणि ज्याची तयारी खरोखरीच तोकडी आहे त्याला तसे पहिल्याच आठवड्यात सांगून सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा वर्ग द्यावा; मुक्त विद्यापीठात बारावी न झालेल्यांसाठी असा पूर्वतयारी शिक्षणक्रम आहे, तो नियमित महाविद्यालयांनी उचलण्यात कमीपणा कसला?

काही गोष्टी तर विद्यापीठाची वाट न पाहता शहराने कराव्यात अशा आहेत. सीमाभागातील मराठी समाजाने शाळा काढल्या, वाचनालये चालविली, व्याख्यानमाला भरविल्या. त्या वाचनालयांच्या सभागृहांत संध्याकाळी दोन तास इंग्रजी लेखनाचा वर्ग चालविण्यास निवृत्त शिक्षकांची वाण पडू नये. खेड्यातील मुलींसाठी वसतिगृहाच्या दहा खोल्या बांधणे हे सत्काराच्या दहा समारंभांहून स्वस्त आहे. बेळगावातील व्यापारी मंडळींना हा हिशेब आम्ही शिकविण्याची आवश्यकता नाही.

विद्यापीठाकडे मात्र आमची एकच मागणी आहे आणि ती फार लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर, संस्थापकांच्या तसबिरीखाली, तीन आकडे छापावेत: तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षास किती विद्यार्थी घेतले, त्यांपैकी किती जण मुदतीत पदवीधर झाले, आणि मराठी व कन्नड माध्यमांतून आलेल्यांचे प्रमाण त्यांत किती. हे आकडे काढण्यास समिती नको, संगणक नको. हजेरीपट आणि निकालपत्रक शेजारी ठेवून एक कारकून दोन दिवसांत काढील. तोवर पालकांनी प्रवेश घेताना कचेरीच्या खिडकीवर हाच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले नाही तर फी भरण्यापूर्वी चार दिवस थांबावे. प्रवेशाची मुदत सहसा वाढतेच.